स्वयंशिक्षित छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स

छायाचित्रांचे ढोबळ मानानें दोन वर्ग करण्याची चाल आहे. एका वर्गांत व्यक्तिचित्रें येतात. माणूस ठेवणींतले कपडे घालून कॅमेऱ्यासमोर बसतो, चेहरा शक्य तितका प्रसन्न करतो, आणि आपण जगाला कसें दिसावें याचा एक नमुना पुढील पिढ्यांसाठीं मागें ठेवतो. दुसऱ्या वर्गांत वस्तुस्थितिदर्शक छायाचित्रें येतात. दुष्काळ, महापूर, गलिच्छ वस्त्या, कारखान्यांतील श्रम यांची जी हकीकत शब्दांनीं पुरती सांगतां येत नाहीं, ती हीं चित्रें सांगतात. पहिल्या प्रकारांत माणसाला नांव असतें, पण त्याच्या परिस्थितीचा मागमूस नसतो. दुसऱ्यांत परिस्थिति असते, पण माणूस बहुधा निनांवी असतो. ही सीमारेषा पुसून टाकण्याचें श्रेय ज्या थोड्या कलावंतांना द्यावें लागेल, त्यांत अमेरिकेंतील कृष्णवर्णीय छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स याचें नांव अग्रभागीं येतें. या कलेचें शिक्षण त्याला कोणत्याही शाळेंत मिळालें नव्हतें. किंबहुना शाळेचा शेवटचा दाखलासुद्धां त्याच्या पदरीं पडला नव्हता.

पार्क्सचा जन्म ३० नोव्हेंबर १९१२ रोजीं कॅन्सस राज्यांतील फोर्ट स्कॉट या गांवीं झाला. पंधरा भावंडांत तो सर्वांत धाकटा. बाप शेतकरी, घरांत दारिद्र्य, परंतु आईची शिस्त व माया दोन्ही भरपूर. गांवांतील प्राथमिक शाळा गोऱ्यांची निराळी आणि काळ्यांची निराळी होती. पुढील शाळेंत दोन्ही वर्णांचीं मुलें एकत्र बसत. तरी तेथील एका शिक्षिकेनें कृष्णवर्णीय मुलांना बजावून ठेवलें होतें कीं, महाविद्यालयाच्या खर्चांत आईबापांना पाडूं नका. शेवटीं तुमच्या वांट्याला हमाली किंवा मोलकरणीचेंच काम यावयाचें आहे. पुढें अनेक विद्यापीठांनीं याच मुलाला मानद पदव्या अर्पण केल्या, हा कालाचा न्याय म्हणावयाचा.

आई वारली तेव्हां पार्क्स पंधरा वर्षांच्या आगेंमागें होता. मिनेसोटा राज्यांतील सेंट पॉल शहरीं बहिणीकडे त्याची रवानगी झाली. परंतु मेहुण्याशीं त्याचें पटलें नाहीं, आणि ऐन हिंवाळ्यांत त्याला घराबाहेर पडावें लागलें. सेंट पॉल व मिनियापोलिस या जुळ्या शहरांमध्यें रात्रभर ये-जा करणाऱ्या ट्रामगाडींत बसून त्यानें थंडीपासून जीव वांचविला. पोटासाठीं त्यानें पियानो वाजविला, उपाहारगृहांत भांडीं उचललीं, जें मिळेल तें काम केलें. कॅमेऱ्याचा विचार त्याच्या मनांत अद्याप आला नव्हता.

तो विचार आला आगगाडींत. पॅसिफिक किनाऱ्याकडे जाणाऱ्या एका लांब पल्ल्याच्या गाडीच्या भोजनाच्या डब्यांत तो वाढप्याचें काम करीत होता. एका उतारूनें मागें टाकलेलें नियतकालिक त्याच्या हातीं पडलें. त्यांत दुष्काळामुळें व मंदीमुळें घरदार सोडून निघालेल्या शेतमजुरांचीं छायाचित्रें होतीं. मोडक्या मोटारींत भरलेले संसार, रस्त्याच्या कडेला उघड्यावर मांडलेल्या चुली, आणि उद्यांची शाश्वति नसलेले चेहरे. डोरोथिया लॅंग, आर्थर रॉथस्टीन, बेन शान अशा छायाचित्रकारांनीं सरकारी खात्यासाठीं तीं घेतलीं होतीं. पार्क्सनें तें नियतकालिक घरीं नेलें व पुनःपुन्हां पाहिलें. त्याच सुमारास शिकागोच्या एका चित्रगृहांत त्यानें एक वार्तापट पाहिला. जपानी विमानांनीं डिसेंबर १९३७ मध्यें यांगत्से नदीवर ‘पनाय’ नांवाची अमेरिकन गनबोट बुडविली, तेव्हां नॉर्मन ॲली या चित्रकारानें बॉंबवर्षावांतही कॅमेरा चालू ठेवून तें दृश्य टिपलें होतें. कॅमेऱ्यानें अन्याय लोकांसमोर उघडा करतां येतो, ही जाणीव पार्क्सला झाली ती या दोन प्रसंगांनीं. सिएटल येथें गहाणवट्याच्या दुकानांत त्यानें ‘फोइग्टलेंडर ब्रिलियंट’ जातीचा जुना कॅमेरा थोड्याशा डॉलरांत विकत घेतला. त्या वेळीं त्याचें वय पंचविसाच्या घरांत होतें.

स्वयंशिक्षित या शब्दाचा अर्थ पुष्कळदां चुकीचा घेतला जातो. ज्याला गुरु नाहीं तो स्वयंशिक्षित, असें आपण समजतों. वास्तविक अशा माणसाला गुरु फार असतात. मात्र ते त्याला स्वतः शोधून काढावे लागतात, आणि त्यांतला सर्वांत कडक गुरु म्हणजे स्वतःच्या हातून झालेली चूक. सेंट पॉलमधील स्त्रियांच्या उंची पोशाखांच्या एका दुकानांत जाऊन पार्क्सनें तेथील वस्त्रांचीं छायाचित्रें काढूं देण्याची विनंति केली. मालकानें नकार दिला. पण मालकिणीनें या तरुणाला एक संधि द्यावी असें ठरविलें. पार्क्सनें मोठ्या उमेदीनें चित्रें घेतलीं, आणि रात्रीं धुवून पाहतो तों एक सोडून सर्व निकामी! एका चित्रावर दुसरें चित्र घेतलें गेलें होतें. वाचलेलें एकच चित्र त्यानें मोठें करून दुकानाच्या दाराशीं मांडलें. तें मालकिणीला इतकें पसंत पडलें कीं, उरलेलें काम पुन्हां करण्यास तिनें आनंदानें संमति दिली. प्रख्यात मुष्टियोद्धा जो लुई याची पत्नी मार्वा हिच्या पाहण्यांत हीं चित्रें आलीं, आणि तिच्या सल्ल्यानें १९४० च्या सुमारास पार्क्स शिकागोस आला.

शिकागोंत त्याच्या कॅमेऱ्याचे दोन संसार सुरू झाले. श्रीमंत स्त्रियांचीं व्यक्तिचित्रें घेऊन तो घर चालवी. आणि उरलेल्या वेळांत शहराच्या दक्षिण भागांतील कृष्णवर्णीयांच्या गर्दीच्या वस्तींत हिंडे. त्या वस्तींतील कलाकेंद्रानें त्याला काम करण्यास जागा व अंधारी खोली दिली. या दुसऱ्या प्रकारच्या चित्रांवरून रोझेनवाल्ड निधीची शिष्यवृत्ति त्याला मिळाली. छायाचित्रकाराला ती मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. शिष्यवृत्तीचा काळ कोठें घालवावा, हें निवडण्याची मुभा त्याला होती. आगगाडींतील त्या नियतकालिकांतील चित्रें ज्या खात्यानें काढविलीं होतीं, तेंच खातें त्यानें निवडलें.

तें खातें म्हणजे ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’. मंदीनें व धुळीच्या वादळांनीं उद्‌ध्वस्त झालेल्या शेतकऱ्यांना मदत करणें हें त्याचें मुख्य काम. ही मदत का हवी, तें राष्ट्राला पटवून देण्यासाठीं त्याची एक छायाचित्र-शाखा होती, आणि तिचा प्रमुख होता रॉय स्ट्रायकर. हा मूळचा अर्थशास्त्राचा अध्यापक. तो स्वतः छायाचित्रकार नव्हता. परंतु कोणतें चित्र कां घ्यावयाचें, हें त्याच्याइतकें नेमकें थोड्यांनाच कळत होतें. १९४२ च्या आरंभीं पार्क्स वॉशिंग्टनला त्याच्यापुढें हजर झाला. स्ट्रायकरनें पहिली आज्ञा दिली ती अशी : कॅमेरा कपाटांत ठेव, आणि शहरांत जाऊन एखाद्या दुकानांत कोट विकत घे, उपाहारगृहांत जेव, चित्रपट पाहा. पार्क्स निघाला. दुकानदारानें त्याला ताटकळत ठेवलें, उपाहारगृहानें मागील दार दाखविलें, चित्रपटगृहानें तिकीट नाकारलें. राष्ट्राच्या राजधानींत, लोकशाहीसाठीं महायुद्ध चालू असतांना, हा अनुभव! संतापानें लाल होऊन तो परत आला, आणि हें सर्व कॅमेऱ्यानें जगापुढें मांडीन असें म्हणूं लागला.

येथें स्ट्रायकरनें त्याला जो प्रश्न विचारला, तो या कलेच्या प्रत्येक अभ्यासकानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. मांडशील म्हणजे काय करशील? तिकीट नाकारणाऱ्या माणसाचा चेहरा टिपून त्याखालीं ‘हा वर्णद्वेष्टा’ असें लिहिशील? दुष्ट माणसाचा चेहरा पुष्कळदां सालस दिसतो. अन्याय ही कांहीं डोळ्यांना दिसणारी वस्तु नव्हे. तो ज्याच्यावर होतो, त्या माणसाच्या आयुष्यांत तो शोधावा लागतो. याच इमारतींत संध्याकाळीं झाडलोट करणारी बाई आहे. तिच्याशीं जाऊन बोल, असें त्यानें सुचविलें.

त्या बाईचें नांव एला वॉटसन. पार्क्सनें प्रथम कॅमेरा काढला नाहीं. तो नुसता ऐकत राहिला. तिच्या बापाला गोऱ्यांच्या जमावानें ठार केलें होतें. नवरा गोळी लागून गेला. मुलगी दोन लेंकरें मागें ठेवून वारली, आणि तीं नातवंडें आतां तिच्याच अंगावर होतीं. वर्षाकांठीं १०८० डॉलर पगारावर ती हा संसार ओढीत होती. सव्वीस वर्षें सरकारी कचेऱ्यांच्या फरश्या पुसूनही तिची बढती झाली नव्हती. ही हकीकत ऐकल्यावर पार्क्सनें तिला भिंतीवर टांगलेल्या भव्य राष्ट्रध्वजापुढें उभें केलें, एका हाताशीं झाडू दिला, आणि पाठीमागें फरशी पुसण्याचें दांड्याचें पोतेरें टेकवून ठेवलें.

या चित्राचा सारा अर्थ त्याच्या मांडणींत आहे. ग्रॅंट वुड या चित्रकाराचें ‘अमेरिकन गॉथिक’ हें १९३० सालचें चित्र शिकागोच्या कलासंग्रहालयांत पार्क्सनें पाहिलें होतें. लांकडी घरापुढें उभा असलेला करड्या चेहऱ्याचा शेतकरी, त्याच्या हातीं गवत उचलण्याचा त्रिशूळासारखा दांताळा, आणि शेजारीं एक स्त्री : असें तें चित्र. कष्टाळू, स्वाभिमानी अमेरिकेची ती जणूं कुलप्रतिमा मानली जाते. पार्क्सनें दांताळ्याच्या जागीं झाडू आणला आणि घराच्या जागीं राष्ट्रध्वज. कष्ट तेच, ताठपणाही तोच; मग मान मात्र तोच कां नाहीं, हा प्रश्न एक अक्षरही न लिहितां उभा राहतो. स्ट्रायकरला चित्राची ताकद तत्काळ उमगली. पण हें प्रसिद्ध झालें तर आपणां सर्वांच्याच नोकऱ्या जातील अशी धास्तीही त्याला वाटली. चित्र मात्र दप्तरांत सुरक्षित राहिलें. अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयांत तें जतन केलेलें असून पार्क्सच्या चित्रांत तेंच सर्वांत प्रसिद्ध आहे.

स्ट्रायकरचा दुसरा उपदेश पहिल्याहून मोलाचा ठरला. एवढ्यावर थांबूं नकोस, या बाईबरोबर आणखी राहा, असें त्यानें सांगितलें. त्याप्रमाणें पार्क्स कित्येक आठवडे तिच्या मागोमाग हिंडला. तिचें घर, नातवंडांचें जेवण, शेजार, प्रार्थनामंदिर, देव्हाऱ्यासारखी मांडलेली घरांतली जागा, हें सारें त्यानें टिपलें. ध्वजापुढील एला वॉटसन ही एका अन्यायाची मूर्ति आहे; घरांतील एला वॉटसन ही आजी आहे, भाविक स्त्री आहे, शेजारीण आहे. पहिल्या चित्रानें पाहणाराला लाज वाटते. पुढील चित्रांनीं त्याला ओळख पटते. आणि ओळख पटल्यावांचून नुसती लाज फार दिवस टिकत नाहीं, हें पार्क्सला तेथें कळलें. वस्तुस्थितिदर्शक चित्र आणि व्यक्तिचित्र यांचा सांधा त्याच्या कलेंत जुळला तो या स्त्रीच्या सहवासांत.

१९४३ सालीं ती शाखा संपुष्टांत आली. पार्क्सनें कांहीं काळ युद्ध-माहिती खात्यासाठीं कृष्णवर्णीय वैमानिकांच्या पलटणीचीं चित्रें घेतलीं. नंतर स्ट्रायकरच्याच हाताखालीं एका तेल-कंपनीसाठीं कामगारांचीं व छोट्या गांवांचीं चित्रें घेतलीं. ‘व्होग’ या नियतकालिकासाठीं पोशाखांचीं चित्रेंही घेतलीं. १९४७ आणि १९४८ सालीं त्याचीं दोन पुस्तकें प्रसिद्ध झालीं : पहिलें कृत्रिम प्रकाशांत चित्रें घेण्याविषयीं, आणि दुसरें व्यक्तिचित्रांविषयीं. ज्याला कोणी शिकविलें नाहीं त्यानें दहा-अकरा वर्षांत इतरांना शिकविणारे ग्रंथ लिहावे, ही गोष्ट नवलाची खरीच. परंतु दुसऱ्या पुस्तकाच्या उपनामांत ‘वस्तुस्थितिदर्शक व्यक्तिचित्रण’ असे दोन शब्द त्यानें शेजारीं शेजारीं बसविले, हें त्याहून महत्त्वाचें.

त्याच १९४८ सालीं ‘लाइफ’ या सचित्र साप्ताहिकाचीं दारें त्याला उघडलीं. लक्षावधि कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या या पत्राच्या छायाचित्रकारवर्गांत प्रवेश मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील तरुणांच्या टोळ्यांवर लेख करावा, ही कल्पना त्यानें स्वतः मांडली. सतरा वर्षांच्या एका टोळीनायकाचा विश्वास संपादन करून तो कित्येक आठवडे त्याच्याबरोबर वावरला आणि शेंकडों चित्रें घेऊन आला. पत्रांत छापलीं गेलीं त्यांपैकीं एकवीस. मारामाऱ्या, अंधार, भीति यांना त्यांत अग्रस्थान मिळालें. त्या मुलाचे घरांतील शांत व हळवे क्षण बहुतेक वगळले गेले. येथें पार्क्सला नवा धडा मिळाला. चित्र घेणारा एक आणि निवडणारा दुसरा असला, म्हणजे खऱ्या चित्रांतूनही अर्धसत्य तयार होतें. कॅमेरा शस्त्र आहे हें खरें. पण त्या शस्त्राची मूठ प्रत्येक वेळीं छायाचित्रकाराच्याच हातीं असते असें नाहीं.

१९५० सालीं शाळांतील वर्णभेदावरील लेखासाठीं तो फोर्ट स्कॉटला परत गेला. लहानपणच्या अकरा वर्गबंधूंचा शोध घ्यावा, अशी त्याची योजना होती. बहुतेक जण पोटामागें दुसऱ्या शहरांत पांगले होते. पार्क्सनें कॅन्सस सिटी, सेंट लुई, शिकागो, डेट्रॉइट अशी भ्रमंति करून त्यांना गांठलें, आणि त्यांना आपापल्या घरापुढें कुटुंबासह उभें करून अगदीं साधीं व्यक्तिचित्रें घेतलीं. तो लेख छापला गेलाच नाहीं. सहा वर्षांनीं, १९५६ सालीं, दक्षिणेकडील अलाबामा राज्यांत एका कुटुंबाच्या शाखोपशाखांचें जीवन त्यानें रंगीत छायाचित्रांत टिपलें. त्यांत आरडाओरडा कोठेंही नाहीं. कुंपणापलीकडील गोऱ्यांच्या बागेकडे पाहणारीं मुलें, निरनिराळ्या वर्णांसाठीं निरनिराळे पाण्याचे नळ, रविवारच्या पोशाखांत निऑनच्या पाटीखालीं उभी असलेली एक स्त्री व लहान मुलगी. रंगांचा गोडवा जितका अधिक, तितकी त्या पाटीवरील अक्षरांची बोच अधिक. या लेखाची किंमत मात्र चित्रांतील माणसांना मोजावी लागली. त्यांतील एका शिक्षिकेची नोकरी गेली, आणि गोऱ्या गांवकऱ्यांच्या रोषामुळें तिच्या कुटुंबाला गांव सोडावें लागलें. त्या वेळीं न छापलेल्या सत्तरांहून अधिक रंगीत पारदर्शिका पार्क्सच्या मृत्यूनंतर, २०१२ सालीं, एका पेटींत सांपडल्या.

परिणामांचा हा प्रश्न सर्वांत तीव्रतेनें उभा राहिला तो १९६१ सालीं. दक्षिण अमेरिकेंतील दारिद्र्यावरील लेखासाठीं पार्क्सला ब्राझिलला धाडण्यांत आलें. रिओ द जानेरो शहराच्या डोंगरउतारावरील झोपडपट्टींत एखादा गरीब कुटुंबप्रमुख शोधावा, अशी सूचना होती. पार्क्सला तेथें दिसला फ्लाविओ नांवाचा बारा वर्षांचा मुलगा. दम्यानें पोखरलेला हा पोर भावंडांचा सांभाळ करी, पाणी वाहून आणी, भात शिजवी. पार्क्सनें संपादकांची सूचना बाजूला ठेवून त्या मुलालाच लेखाचा नायक केलें. चित्रें प्रसिद्ध होतांच वाचकांकडून सुमारें ३०,००० डॉलरांची मदत लोटली. कुटुंबाला नवें घर मिळालें. फ्लाविओला उपचारांसाठीं अमेरिकेंत डेन्व्हर येथें नेण्यांत आलें, आणि दोन वर्षांत तो बरा झाला.

एवढ्यावर ही कथा थांबली असती, तर ती बोधकथा झाली असती. परंतु १९६३ सालीं परत जाण्याची वेळ आली तेव्हां मुलगा जावयास तयार नव्हता. अमेरिकेंतच राहावें, हा त्याचा ध्यास पुढें आयुष्यभर सुटला नाहीं. इकडे ब्राझिलच्या ‘ओ क्रुझेरो’ या साप्ताहिकाला आपल्या देशाचें हें दारिद्र्यदर्शन झोंबलें. त्यानें आपला छायाचित्रकार न्यूयॉर्कला पाठवून तेथील दरिद्री कुटुंबाचीं तशींच चित्रें छापलीं. पार्क्सनें फ्लाविओला विसरून जाणें पसंत केलें नाहीं. तो त्याला पुन्हां जाऊन भेटला, आणि १९७८ सालीं त्याच्यावर एक पुस्तक लिहिलें. आपल्या हस्तक्षेपानें या मुलाचें भलें झालें कीं त्याच्या मनाची ओढाताण झाली, हा प्रश्न त्यानें त्यांत टाळला नाहीं. १९६८ सालच्या हार्लेममधील एका कुटुंबाची हकीकत तर याहून करुण आहे. त्यांच्या भुकेचीं व थंडीचीं चित्रें पाहून मदत आली, नवें घर मिळालें. आणि त्याच घराला आग लागून बाप व एक मुलगा मृत्युमुखीं पडले.

मग अशीं चित्रें घ्यावींत कीं घेऊं नयेत? पार्क्सच्या आयुष्यानें या प्रश्नाला दिलेलें उत्तर असें आहे : घ्यावींत, पण त्यांतील माणसाला आपला ऋणको नव्हे, धनको समजून घ्यावींत. चित्र छापून आलें म्हणजे व्यवहार मिटला, असें त्यानें मानलें नाहीं. ओळख झाल्याशिवाय कॅमेरा काढावयाचा नाहीं, आणि कॅमेरा मिटल्यावरही ओळख मिटवावयाची नाहीं, हा त्याचा परिपाठ होता. मोठ्या माणसांच्या बाबतींतही त्याची रीत तीच. इन्ग्रिड बर्गमन, ड्यूक एलिंग्टन, माल्कम एक्स, मुहम्मद अली अशा कितीतरी विख्यात व्यक्तींचीं चित्रें त्यानें घेतलीं. त्यांतील अलीचीं चित्रें पाहावींत. ठोसे मारणारा विजयी वीर त्यांत आहेच. पण घामानें निथळणारा, थकलेला, स्वतःशींच विचार करणारा तरुण त्यांत अधिक आहे. झाडूवाली असो कीं जगज्जेता असो, दोघांकडे पाहण्याची त्याची नजर एकाच उंचीवरची होती.

कॅमेऱ्याबरोबर इतर कलाही त्यानें अशाच स्वतःच्या बळावर हस्तगत केल्या. ‘द लर्निंग ट्री’ ही बालपणावर आधारलेली कादंबरी त्यानें १९६३ सालीं लिहिली, आणि १९६९ सालीं तिचा चित्रपट स्वतःच दिग्दर्शित केला. हॉलिवुडच्या बड्या कंपनीचा चित्रपट दिग्दर्शित करणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. त्याचें संगीतही त्याचेंच होतें. १९७१ सालच्या ‘शाफ्ट’ या चित्रपटानें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. १९६६ सालच्या आत्मचरित्राला त्यानें ‘शस्त्राची निवड’ अशा अर्थाचें नांव दिलें होतें. ज्या वस्तींत व ज्या वयांत अनेकांच्या हातीं सुरा किंवा पिस्तूल आलें, तेथें आपण कॅमेरा निवडला, असा त्याचा आशय. १९८८ सालीं राष्ट्रीय कलापदकानें त्याचा गौरव झाला. ७ मार्च २००६ रोजीं न्यूयॉर्क येथें तो निवर्तला, आणि ज्या फोर्ट स्कॉटनें त्याला हमालीचें भविष्य सांगितलें होतें, तेथेंच त्याचा देह विसावला.

जुना कॅमेरा कोणालाही विकत घेतां येतो. प्रकाश किती घ्यावा, काच किती उघडावी, फिल्म कशी धुवावी, या गोष्टी चुकतमाकत कोणालाही शिकतां येतात. परंतु समोरच्या माणसाचें ऐकून घेतल्याशिवाय त्याचें चित्र घेऊं नये, हा धडा ज्याचा त्यानेंच गिरवावा लागतो. पार्क्सनें तो एका झाडलोट करणाऱ्या बाईजवळ गिरविला, आणि आयुष्यभर पुसूं दिला नाहीं.